प्रत्येक दाण्याची पाळी

खताच्या दुकानात जाणता शेतकरी पोतं घेण्याआधी त्याचा कोपरा दाबून बघतो. आतले दाणे बोटांखाली सरकले की पोतं गाडीत जातं. कडक लागलं तर तो सरळ म्हणतो, “दुसरं काढा.” गठ्ठा झालेलं खत आधी फोडावं लागतं, फोडलं तरी पाभरीच्या नळीत अडकतं, आणि मग एका ओळीत जास्त तर दुसरीत कमी पडतं. दुकानदार गोदामातल्या ओलीला दोष देतो, गोदामवाला पावसाला. मी दाणेदार खताच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. गठ्ठ्याचं मूळ शोधायला निघालं की वाट पुष्कळदा कारखान्यातल्या एका फिरत्या ड्रमपाशी येऊन थांबते, असा माझा अनुभव आहे. त्या ड्रमला आम्ही ड्रायर म्हणतो. त्याच्या पोटात दाणे कसे पसरतात, कुठे पडतात आणि किती वेळ हवेत राहतात, यावर त्या पोत्याचं नशीब बरंचसं ठरून गेलेलं असतं.

गठ्ठा होतो तो असा. दाण्यात उरलेला ओलावा हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि तिथलं थोडं खत विरघळवतो. पुढे तापमान बदललं की त्या द्रावणातून स्फटिक तयार होतात आणि शेजारशेजारच्या दाण्यांना सांधून टाकतात. वर पोत्यांची थप्पी असली की दाबामुळे हे सांधे आणखी पक्के होतात. म्हणून खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये डीएपीसारख्या दाणेदार खताचे किमान 90 टक्के दाणे 1 ते 4 मिलिमीटरच्या दरम्यान हवेत, असं बंधन आहे, आणि ओलाव्याची कमाल मर्यादाही ठरवून दिलेली आहे.

पण प्रयोगशाळा ओलावा मोजते तो नमुन्याचा, म्हणजे हजारो दाण्यांचा एकत्र. आकडा मर्यादेत बसला तरी त्या नमुन्यात काही दाणे कोरडे ठणठणीत आणि काही आतून ओले असू शकतात. पोत्याचा गठ्ठा होतो तो या ओल्या दाण्यांमुळे. तेव्हा ड्रायरचं खरं काम नुसतं पाणी उडवणं नाही. प्रत्येक दाण्याचं पाणी सारखं उडवणं, हे त्याचं काम आहे. माझ्या मते या उद्योगात सर्वांत कमी लक्ष मिळतं ते याच गोष्टीला.

ड्रम आतून

हिशेब सोपा जावा म्हणून एक ड्रम डोळ्यांसमोर आणू. व्यास 3 मीटर, लांबी 25 मीटर. जाड पोलादी पत्र्याचं नळकांडं, दोन भक्कम पोलादी टायरवर तोललेलं, रोलरवर टेकलेलं, आणि फिरवण्यासाठी भोवती दातेरी गर्थ गिअर. मिनिटाला चार फेरे. बाहेर पडण्याच्या टोकाकडे मीटरला 5 सेंटिमीटर उतार. ग्रॅन्युलेटरमध्ये बनलेले ओलसर, कोमट दाणे वरच्या टोकानं आत येतात आणि त्याच टोकानं भट्टीची गरम हवाही येते. खतासाठी बहुधा हीच दिशा ठेवतात, कारण सर्वांत गरम हवेला सर्वांत ओला दाणा भेटतो. दाण्यातलं पाणी उडताना दाण्याला थंड ठेवतं, त्यामुळे खत करपत नाही किंवा वितळत नाही. खालच्या टोकाला दाणा कोरडा झालेला असतो, पण तोवर हवाही निवलेली असते.

बाहेर आलेला माल चाळणीवर जातो. मोठे दाणे दळून आणि बारीक दाणे तसेच परत ग्रॅन्युलेटरकडे जातात. याला रिसायकल म्हणतात, आणि डीएपीसारख्या खतात त्याचं प्रमाण मोठं असतं. पोत्यात जाणाऱ्या एका टनामागे चार-पाच टन माल ड्रायरमधून फिरतो. ड्रायरमधली छोटीशी ढिलाई म्हणूनच पुढे कित्येक पटींनी अंगावर येते.

आता समजा, हा ड्रम आतून अगदी गुळगुळीत आहे. काय होईल? दाणे तळाशी, एका कुशीला, ढीग करून बसतील. ड्रम फिरेल तशी ढिगाचा फक्त वरचा पातळ थर घसरत राहील आणि गरम हवा डोक्यावरून निघून जाईल. त्यातही एक वाईट गोष्ट घडते, आणि ती घरी करून बघता येते. काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत मोहरी आणि सुके वाटाणे एकत्र भरा, झाकण लावा, बरणी टेबलावर आडवी करून हळूहळू घोळवा. थोड्याच फेऱ्यांत बरणीच्या बुडाच्या काचेतून बघा. मोहरी ढिगाच्या पोटात गोळा झालेली दिसेल आणि वाटाणे भोवतीनं. घसरत्या थरात मोठ्या दाण्यांच्या फटींतून बारीक दाणे खाली झिरपतात आणि आत अडकून बसतात. आपण मिसळण्यासाठी फिरवतो आणि फिरवण्यानंच दाणे वेगळे होतात. 1939 मध्ये जपानी संशोधक ओयामा यांनी याच्या पुढची गोष्ट नोंदवली. आडव्या फिरत्या नळकांड्यात वेगवेगळ्या आकाराचे दाणे बऱ्याच वेळानं लांबीच्या दिशेनंही पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे होतात. खताच्या ड्रममध्ये याचा अर्थ असा, की ढिगाच्या पोटातल्या दाण्याला हवा लागतच नाही.

फ्लाइट

यावरचा उपाय म्हणजे ड्रमच्या आतल्या अंगाला लांबीच्या दिशेनं बसवलेल्या पोलादी पट्ट्या. आम्ही त्यांना फ्लाइट म्हणतो, काही ठिकाणी लिफ्टर म्हणतात. तीन मीटरच्या ड्रममध्ये एका घेऱ्यात साधारण 24 ते 30 फ्लाइट असतात आणि त्यांची खोली 25 ते 37 सेंटिमीटर. तळातून जाताना फ्लाइट दाणे उचलते, वर नेते आणि वाटेत सोडत जाते. दाणे गरम हवेतून खाली पडतात, परत उचलले जातात, परत पडतात.

शेतकरी धान्य उफणताना पाटी एकदम उलटी करत नाही. तिवईवर उभा राहून वाऱ्यात पातळ, रुंद धार सोडतो, म्हणजे प्रत्येक दाण्याला वारा लागतो. फ्लाइटनं नेमकं हेच करायचं असतं, फरक इतकाच की वारा आगीचा आहे आणि धार ड्रमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हवी.

दाण्याच्या वाट्याला ही हवा किती वेळ येते? दाणा सरासरी 2 मीटर पडतो असं धरलं तर पडायला लागतात जेमतेम 0.6 सेकंद. मिनिटाला चार फेरे म्हणजे एका फेऱ्याला 15 सेकंद. उचलला गेल्यापासून परत तळाशी येईपर्यंत दाण्याची सात-एक सेकंदं जातात. उतारामुळे प्रत्येक पडण्यात तो 10 सेंटिमीटर पुढे सरकतो, हवाही त्याला थोडं ढकलते. म्हणजे 25 मीटरच्या प्रवासात तो दोनशेच्या आसपास वेळा पडतो. वेळ लागतो वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यातला हवेतला वेळ भरतो सुमारे दोन मिनिटं. बाकी सगळा वेळ तो फ्लाइटच्या ओंजळीत किंवा तळाच्या ढिगात दबलेला असतो. वाळण्याचं बहुतेक काम त्या दोन मिनिटांत उरकायचं असतं. ती दोन मिनिटं दाणे दाट झुंडीनं पडण्यात गेली, किंवा हवेला दाणे नसलेली वाट सापडली, तर भट्टी कितीही पेटवा, उष्णता चिमणीतून बाहेर जाते.

हे डोळ्यांनी बघता यावं म्हणून आम्ही एका शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी ड्रम बंद ठेवण्याच्या, आधी ड्रमचा एक काप बनवला. 75 सेंटिमीटर व्यासाचं, वीतभर जाडीचं चाक, दोन्ही तोंडांना ॲक्रिलिक, आत छोट्या फ्लाइट. आकार चौथाई केला की वेग दुप्पट ठेवावा लागतो, म्हणजे मिनिटाला आठ फेरे. तसं केलं तरच दाण्याचं वजन आणि फिरण्याचा जोर यांचं प्रमाण मोठ्या ड्रमइतकं राहतं. मागे दिवा लावला आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद केले.

पहिल्यांदा सरळ फ्लाइट लावल्या होत्या, टोकाला कुठलाही वाक नसलेल्या. फ्लाइट वर चढायला लागली की लगेच दाणे सांडायचे. चढत्या बाजूला दाण्यांचा इतका दाट लोंढा होता की दिवा दिसतच नव्हता. माथ्यावर पोचेपर्यंत फ्लाइट रिकामी व्हायची. उतरत्या बाजूचा अख्खा भाग लख्ख उजळलेला होता, तिथे एक दाणा पडत नव्हता. कित्येक वर्षं आम्ही चिमणीचं तापमान जास्त का, याची कारणं बर्नरमध्ये शोधली जाताना बघितलं होतं. ते कारण त्या दिवशी भिंतीएवढं स्पष्ट समोर होतं. हवा अडचणीच्या वाटेनं जात नाही, मोकळ्या वाटेनं जाते. उजेड जिथून आला, तिथूनच उष्णताही निसटत होती.

वाक किती द्यायचा

दाणा फ्लाइटवरून केव्हा निसटणार, हे मुख्यतः दाण्यांच्या आपसातल्या घर्षणावर ठरतं. आपण घेतलेल्या ड्रममध्ये कडेच्या दाण्यावरचा केंद्रापासून बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहूनही कमी भरतो. दाणे भिंतीला चिकटूनच फिरतील असा वेग येण्यासाठी ड्रम मिनिटाला 24 फेऱ्यांच्या वर न्यावा लागेल. त्यामुळे वेग थोडा वाढवला किंवा घटवला म्हणून दाणा निसटण्याची जागा फारशी हलत नाही. ती हलते फ्लाइटच्या आकारानं. हा हिशेब 1962 मध्ये स्कोफील्ड आणि ग्लिकिन यांनी समीकरणात बसवला, आणि त्यांचा तो निबंध दाणेदार खताच्या ड्रायर-कूलरवरच होता.

फ्लाइटच्या टोकाला आतल्या बाजूला वाकवलेली पट्टी, म्हणजे लिप, दिली की ती दाणे जास्त वेळ धरून ठेवते. 45 अंशांचा वाक थोडे, 90 अंशांचा वाक त्याहून जास्त. आमच्या कापात 90 अंशांची लिप लावल्यावर फ्लाइट माथा ओलांडूनही दाणे सोडत राहिली आणि उजेडाचा तो मोठा तुकडा आक्रसला.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळल्यावर मला फार आनंद झाला होता. पुष्कळांना वाटतं, फ्लाइटनं प्रत्येक अंशाला सारखा माल सोडला की वाटणी समान झाली. तसं होत नाही. फ्लाइट आडव्या रेषेपासून पहिले 30 अंश चढते, तेव्हा ती जवळजवळ सरळ वर जात असते. आडव्या दिशेनं ती फक्त 20 सेंटिमीटर सरकते. माथ्याजवळच्या शेवटच्या 30 अंशांत मात्र ती 75 सेंटिमीटर सरकते. म्हणजे प्रत्येक अंशाला सारखा माल सोडला तर कडेच्या 20 सेंटिमीटरमध्ये जितके दाणे, तितकेच मधल्या 75 सेंटिमीटरमध्ये. कड दाट, मध्य विरळ. शिवाय मध्यावरून पडणारा दाणा सर्वांत जास्त उंचीवरून पडतो, म्हणजे हवेचा सर्वांत मोठा वाटा तिथेच मिळतो. म्हणून चांगली फ्लाइट जाणूनबुजून मध्याकडे जास्त माल टाकते. एका घेऱ्यातल्या फ्लाइट पुढच्या घेऱ्यातल्या फ्लाइटच्या मधोमध येतील अशा सरकवून बसवल्या की एका पडद्यातली फट दुसरा पडदा बुजवतो.

मग अख्ख्या ड्रमला 90 अंशांची लिप लावून मोकळं का होऊ नये? कारण वरच्या टोकाला दाणे ओले आणि चिकट असतात. खोल लिपमध्ये ते बसतात, थापले जातात, आणि काही दिवसांत ती फ्लाइट खताच्या पोपड्यानं भरून जाते. भरलेली फ्लाइट काही उचलत नाही. तो भाग पुन्हा गुळगुळीत ड्रम होतो. म्हणून पहिल्या मीटर-दोन मीटरमध्ये माल पटकन पुढे सरकवणाऱ्या तिरप्या पट्ट्या, पुढे सरळ किंवा 45 अंशांच्या फ्लाइट, आणि दाणे सुटसुटीत झाल्यावर 90 अंशांच्या, अशी चढती रचना करावी लागते. कुठे बदल करायचा हे ठरवायला ओल्या आणि कोरड्या टोकाचा माल घेऊन दोन ढीग घालावेत आणि दोघांच्या उताराचा कोन मोजावा. ओल्या मालाचा ढीग जास्त उभा राहतो. कागद, पट्टी आणि कोनमापक एवढ्यावर होणारं हे काम आहे.

भरणा आणि झीज

फ्लाइट उत्तम असूनही वाटणी बिघडू शकते, ती मालाच्या भरण्यानं. ड्रमच्या आकारमानाच्या साधारण 10 ते 15 टक्के माल आत असावा असं मानतात. चढती फ्लाइट आडव्या रेषेवर आली की नुकतंच सांडायला लागली, म्हणजे भरणा योग्य. भरणा कमी असेल तर फ्लाइट उशिरा सांडते आणि चढत्या बाजूला हवेला वाट मिळते. जास्त असेल तर फ्लाइटमध्ये न मावलेला माल तळाशी लोळत पुढे जातो आणि हवेत न जाताच बाहेर पडतो. ओले दाणे पोत्यात पोचतात ते बहुधा या वाटेनं. उत्पादन वाढवण्याच्या घाईत माल लोटला जातो तेव्हा हेच घडतं.

ड्रम चालू असताना आत बघता येत नाही. तिथे धूळ आणि आग. म्हणून शटडाऊनमध्ये आत जावं लागतं, आणि तेही सगळे नियम पाळून. मोटरला कुलूप, आतल्या हवेची तपासणी, परमिट, आणि तोंडाशी सतत उभा असलेला माणूस. यातली एकही गोष्ट वेळ वाचवण्यासाठी सोडायची नसते. आत विजेरी मारली की फ्लाइट स्वतःची कहाणी सांगतात. चकाकणारी लिप म्हणजे तिच्यावरून दाणे वाहतात. पोपडा धरलेली म्हणजे ती बंद पडली आहे. काहींची कड घासून निम्मी झालेली असते, काही वेल्डिंगपासून सुटून वाकलेल्या. आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ड्रम चालू असताना ते रोज बाहेरून चालत जायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, “मॅडम, इथं ऐका. इथं माल पडत नाही, घसटतोय.” पडणाऱ्या दाण्यांचा आवाज सरसरता असतो, लोळणाऱ्या मालाचा जड आणि दबका. शटडाऊनमध्ये आत गेल्यावर मामांनी खडूनं खूण केलेल्या जागी भरलेल्या फ्लाइट सापडायच्या. मामांनी सांगितलेल्या जागा नोंदवहीत लिहायला आम्ही सुरुवात केली. ती वही पुढे कुठल्याही मीटरइतकी कामाला आली.

आज याच्या मदतीला संगणक आहे. 1979 मध्ये कंडल आणि स्ट्रॅक यांनी प्रत्येक दाणा स्वतंत्र धरून त्याच्या टकरी मोजण्याची पद्धत मांडली. तिच्या आधारानं आता फ्लाइटचा नवा आकार पत्रा कापण्याआधी पडद्यावर फिरवून बघता येतो. ही पद्धत मला मोलाची वाटते. पण तिच्यात घर्षणाचा आकडा आपल्याच मालाचा, आपल्याच ओलाव्याला मोजलेला भरावा लागतो. मामांचा कान आणि संगणकाचं गणित ही दोन्ही एकाच टेबलावर आली, तेव्हा आमच्याकडे सर्वांत चांगली सुधारणा झाली. फ्लाइट बदलल्यावर तोच बर्नर, तोच पंखा ठेवून चिमणीचं तापमान उतरलं आणि बाहेर येणाऱ्या दाण्यांमधली ओल एकसारखी झाली.

पैसा कुठे जातो

एक टन पाणी साध्या तापमानापासून तापवून त्याची वाफ करायला सुमारे 6 लाख 15 हजार किलोकॅलरी लागतात. एक लिटर डिझेल देतं साडेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही तरी टनभर पाण्यामागे 70 लिटरहून अधिक डिझेल जळणार. प्रत्यक्षात कुणी फर्नेस ऑइल वापरतं, कुणी गॅस, पण हिशेब तोच. याच्यावर जे जळतं, त्यातला मोठा भाग दाण्यांना न भेटताच निघून गेलेल्या हवेपायी जळतो. ते निसर्गाच्या नियमानं लागणारं इंधन नाही, आपल्या दुर्लक्षानं लागणारं आहे. आणि त्याची किंमत शेवटी खताच्या हिशेबातच येते.

हा प्रश्न खतापुरता नाही. रस्त्याच्या कामावरच्या हॉटमिक्स प्लांटमध्ये खडी अशाच ड्रममध्ये तापते. पावसाळ्यानंतर ओली खडी आली आणि फ्लाइट झिजलेल्या असल्या तर काही खडे ओलेच राहतात आणि त्यांना डांबर नीट धरत नाही. औषधाच्या कारखान्यात गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या ड्रममध्ये आडपट्ट्या असतात. प्रत्येक गोळी फवाऱ्याखाली सारख्या वेळा यावी, हे त्यांचं काम. साखर कारखान्यातही फिरत्या ड्रममध्ये साखर वाळवतात. वस्तू वेगळ्या, अट एकच. आतल्या प्रत्येक कणाला त्याची पाळी मिळाली पाहिजे.

ड्रायरच्या टेंडरमध्ये व्यास, लांबी, मोटरची ताकद आणि बर्नरची क्षमता यांवर पानंच्या पानं असतात. फ्लाइटचं ड्रॉइंग मात्र बहुतेक वेळा मागितलंच जात नाही, आणि दुरुस्तीत हाताला येईल तो पत्रा वेल्ड केला जातो. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ड्रायरच्या फाइलमध्ये फ्लाइटचं घेऱ्यागणिक ड्रॉइंग असावं. प्रत्येक शटडाऊनला लिपची उंची आणि कोन साच्यानं तपासून लिहिला जावा. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना ड्रमचा पारदर्शक काप एकदा तरी फिरवून दाखवला जावा. यातलं काहीही परदेशातून आणायचं नाही. पत्रा वाकवणारे, वेल्डिंग करणारे कुशल हात आपल्या प्रत्येक एमआयडीसीत आहेत. त्यांना फक्त हा वाक इतकाच का, हे कुणीतरी सांगायला हवं.

माल ओला येतो म्हणून मोठा बर्नर, मोठा पंखा मागण्याची सवय आपल्याला लागली आहे. मोठा बर्नर रोज इंधन खातो. नीट वाकवलेली फ्लाइट एकदाच पैसे घेते आणि झिजेपर्यंत काम करते. माल ओला आला तर आधी ड्रमच्या आत जाऊन बघा, बर्नरचं कोटेशन त्यानंतर मागवा.